पेरणे फाटा, दोन फुल एक हाफ

माणसाच्या हक्कांचा इतिहास कुणीतरी सोबत चालत, बोट दाखवून, नीट समजावून सांगावा अशी इच्छा आपल्या सरकारलाही एकदा झाली, आणि त्यासाठी त्याने मोठी समर्पक जागा निवडली : तुरुंग. २६ जानेवारी २०२१ रोजी, प्रजासत्ताक दिनाचा मुहूर्त साधून, पुण्याच्या येरवडा कारागृहात ‘तुरुंग पर्यटन’ सुरू झालं. तेव्हा तिकीट होतं शाळकरी मुलांना ५ रुपये, कॉलेजवाल्यांना १०, बाकी सगळ्यांना ५०. आत गांधी यार्ड, टिळक यार्ड आणि २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे कराराची आठवण सांगणारं आंब्याचं झाड. सांगायला माणूस सोबत, आणि निघून जाण्याची फारशी सोय नसल्यामुळे श्रोते शेवटपर्यंत हजर. कल्पना चांगली आहे, तिच्याबद्दल तक्रार नाही. कोडं एवढंच आहे की, जो इतिहास फाटकाच्या आत सांगण्यासारखा ठरतो, तो फाटकाबाहेर सांगायची वेळ आली की आपल्या यंत्रणेला घाम का फुटतो? त्याच येरवड्यावरून नगर रस्त्याने सरळ पुढे गेलं की भीमेच्या अलीकडे कोरेगाव भीमाचा जयस्तंभ लागतो. तिथे वाहनतळ असतो, पाण्याचे टँकर असतात, हजारो पोलिस असतात, जादा बसगाड्या असतात; फक्त हे सगळं वर्षातून एक दिवस, १ जानेवारीला, असतं. उरलेले ३६४ दिवस तो स्तंभ आणि महामार्गावरचे ट्रक एकमेकांकडे बघत उभे असतात.

म्हणणं साधं आहे. अशा जागांची सहल हवी ती एखाद्या रिकाम्या मंगळवारी हवी, तिकीट फाडून हवी, गाइडसह हवी आणि ज्यांना १ जानेवारीला तिथे जायचं कधी सुचलं नाही अशांसाठी हवी. आपल्याकडे सहली निघत नाहीत असं नाही. डिसेंबर २०२२ मध्ये पर्यटन खात्याने महापरिनिर्वाण दिनाच्या सुमारास मुंबई, नाशिक आणि नागपुरात बाबासाहेबांशी निगडित स्थळांच्या मोफत सहली काढल्या. एप्रिल २०२३ मध्ये जयंतीच्या निमित्ताने रेल्वेनेही दिल्लीहून महू, नागपूर, सांची, सारनाथ अशी खास गाडी सोडली. दोन्ही उपक्रम स्तुत्य, पण दोन्ही पंचांग बघून काढलेले. समता ही आपल्याकडे तिथीने येते आणि प्रसाद वाटून झाला की जाते. हक्क मात्र रोजचे असतात. मंगळवारीही लागतात.

कोरेगावच्या सहलीत गाइडचं पहिलं काम इतिहास सांगणं हे नसून प्रवाशांना योग्य कोरेगावात उतरवणं हे असेल. खुद्द पुणे शहरात कोरेगाव पार्क आहे, जिथे कॉफीच्या कपात लोकांचं पेट्रोल जातं. हवेलीत कोरेगाव मूळ आहे. दौंड तालुक्यात कोरेगाव भिवर आहे. साताऱ्याला अख्खा कोरेगाव तालुका आहे. आपलं कोरेगाव भीमा शिरूर तालुक्यात; पण वर्तमानपत्रं त्याला आग्रहाने भीमा कोरेगाव म्हणतात. बरं, बरोबर गावात पोहोचलात तरी स्तंभ तिथे नाहीच. तो नदीच्या अलीकडे, पेरणे गावाच्या हद्दीत, हवेली तालुक्यात. म्हणजे लढाई शिरूर तालुक्यात झाली, स्मारक हवेलीत उभं राहिलं आणि दोन्हींच्या मधून भीमा वाहते आहे. महसूल खात्याने मनात आणलं असतं तरी याहून चोख घोळ घालता आला नसता. ज्या स्थळाचा नुसता पत्ता सांगायला परिच्छेद खर्ची पडतो, तिथे गाइड ही चैन नव्हे, ती मूलभूत गरज आहे.

पहिला आक्षेप पुणेरी आणि म्हणून नेमका : ‘तिथे बघण्यासारखं आहे काय?’ खरं सांगायचं तर, फारसं काही नाही. दगडी चौथरा, त्यावर वर निमुळता होत गेलेला काळसर दगडाचा स्तंभ, संगमरवरी फलक, फलकांवर मजकूर. पण हा आक्षेप घेणारे गृहस्थ मुंबईच्या पाहुण्यांना घेऊन शनिवारवाड्यात जातात तेव्हा काय दाखवतात? वाडा १८२८ च्या आगीत गेला. उरली तटबंदी, दिल्ली दरवाजा, जोती आणि कारंज्यांचे हौद. तरीही माणसं तिकीट काढून आत जातात आणि भारावून बाहेर येतात, कारण कुणीतरी त्यांना नारायणरावांची किंकाळी ऐकवलेली असते. तीसुद्धा १७७३ सालची. रिकाम्या जोत्यावर सात मजले उभे करण्याची ताकद आपल्या गाइडांत आहे, हे पुण्याने सिद्ध केलेलंच आहे. तेव्हा अडचण दगडांची नाही. आपण कोणत्या दगडावर गोष्ट रचायची आणि कोणता दगड रस्त्याच्या कडेला सोडून द्यायचा, हे आधीच ठरवून टाकलेलं असतं. अष्टविनायकाला निघालेल्या गाड्या रांजणगावला जाताना रोज या स्तंभासमोरून जातात. गाडीत व्हिडिओवर आरती चालू असते, कुणीतरी चिवड्याचं पुडकं फोडत असतं, आणि खिडकीच्या काचेतून फलकावरची ४९ नावं ताशी ६० किलोमीटर वेगाने मागे पडतात.

ती नावं थांबून वाचावीत अशी आहेत. ३१ डिसेंबर १८१७ ची रात्र, आठ वाजता कंपनी सरकारच्या कॅप्टन स्टाँटनची तुकडी शिरूरहून पुण्याकडे निघाली : पाचशेच्या आसपास पायदळ, अडीचशे-तीनशे घोडेस्वार, दोन तोफा. रात्रभर चालून सकाळी दहाच्या सुमारास ती भीमेपाशी पोहोचली तेव्हा पलीकडे दुसऱ्या बाजीरावांची सुमारे २८ हजारांची फौज होती. तुकडीने गाव गाठून घरांच्या आडोशाने रात्री नऊपर्यंत झुंज दिली, तीही पाण्याच्या थेंबावाचून. नदी डोळ्यांसमोर आणि प्यायला पाणी नाही, हा प्रसंग पुढच्या शंभर वर्षांत तुकडीतल्या महार शिपायांच्या समाजाच्या वाट्याला वेगळ्या रीतीने किती वेळा आला, हे चांगला गाइड न सांगताही श्रोत्याच्या लक्षात येईल. फलकावरच्या नावांपैकी २२ नावांच्या शेवटी ‘नाक’ आहे आणि त्यावरूनच ती महार शिपायांची म्हणून ओळखता येतात. बाकीच्यांत मराठे आहेत, राजपूत आहेत, मुसलमान आहेत. कंपनी सरकारच्या कारकुनाने मेलेल्यांची यादी हुद्द्याप्रमाणे आणि नावाप्रमाणे लावली. जिवंतपणी एका पंगतीला बसू न शकलेली माणसं दगडावर एका ओळीत आली, ती अशी कारकुनी शिस्तीने. समतेचा आपल्याकडचा एक जुना लेखी पुरावा हजेरीपटाच्या रूपात मिळावा, हे आपल्या परंपरेला धरूनच झालं.

आता दुसरा आक्षेप, आणि तो जड आहे : ‘अहो, हा तर इंग्रजांच्या विजयाचा खांब! त्यात हक्कांचं काय?’ बरोबर. १८२१ मध्ये पायाभरणी झाली तेव्हा कंपनीच्या डोक्यात समता नव्हती, स्वतःची शेखी होती. लढाईचा निकालही फलक सांगतो तितका सरळ नाही. स्टाँटन शेवटी शिरूरला परतला आणि पेशवे इंग्रजांची मोठी फौज येतेय म्हणून दक्षिणेकडे निघून गेले. पेशव्यांच्या बाजूने गावात घुसलेल्या पायदळात अरब होते, गोसावी होते. एका बाजूला कंपनीचे पगारी, दुसऱ्या बाजूला पेशव्यांचे पगारी, आणि पगार कुणाचे थकले होते यावर निष्ठा बऱ्याच अवलंबून, असा तो काळ. गाइडने हे सगळं सांगायलाच हवं. लपवून ठेवलं तर उत्साही श्रोता घरी जाऊन मोबाइलवर शोधणारच आणि मग अर्धवट माहितीच्या जोरावर गाइडलाच खोटं पाडणार. पण इथवर सांगून थांबलं तर गोष्ट अर्धीच राहते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रज सरकारने महारांची लष्करभरती बंद केली. तेव्हा ज्यांच्या समाजातल्या शिपायांची नावं दगडावर होती ते शिवराम जानबा कांबळे यांच्यासारखे पुढारी त्याच दगडाकडे बोट दाखवून विचारू लागले : मरायला चाललो, मग भरतीला का चालत नाही? दिलेलं प्रमाणपत्र देणाऱ्याच्याच तोंडावर धरणं, ही युक्ती सरकारी कचेरीत खेटे घातलेल्या कुणालाही पटकन कळेल. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. आंबेडकर तिथे आले आणि खांबाचा मालक बदलला. सातबारा तोच राहिला. १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली तेव्हा तिच्या चिन्हावर हाच स्तंभ होता.

खांब बांधला कुणी यावरून त्याचा अर्थ ठरत असता तर अमेरिकेतल्या सेल्मा गावच्या पुलाचं काय करायचं? एडमंड पेट्टस हे त्या पुलाचं नाव, आणि ते गुलामगिरीच्या बाजूने लढलेल्या, कू क्लक्स क्लॅनमध्ये वजन असलेल्या माणसाचं. १९६५ मध्ये मतदानाचा हक्क मागणाऱ्या काळ्या लोकांनी त्याच पुलावर पोलिसांच्या लाठ्या खाल्ल्या. आज जगभरची माणसं तो पूल चालून जातात ती पेट्टसला मुजरा करायला नव्हे. पाटी त्याची, पूल यांचा. मेम्फिसला ज्या लॉरेन मोटेलच्या सज्जात मार्टिन ल्यूथर किंग यांना गोळी लागली, तिथे १९९१ पासून नागरी हक्कांचं संग्रहालय आहे. आणि जानेवारी २०१८ मध्ये दक्षिणेकडच्या राज्यांच्या पर्यटन खात्यांनी मिळून अशा शंभराहून अधिक ठिकाणांचा एक ‘ट्रेल’ जाहीर केला. या राज्यांत अलाबामाही आहे, जिथल्या बर्मिंगहॅममध्ये १९६३ साली शाळकरी पोरांवर पाण्याचे फवारे आणि पोलिसी कुत्री सोडली होती. त्यांना एकाएकी पश्चात्ताप झाला असं समजायचं कारण नाही. लाजिरवाण्या इतिहासावरही हॉटेलच्या खोल्या भरतात, हा हिशेब त्यांना जमला. पण त्या हिशेबाच्या आडून का होईना, ज्याच्या आजोबाने फवारा मारला असेल तो नातू आज गाइडच्या मागे मुकाट्याने चालतो. आपल्याकडे मागे चालायला माणसं खूप. पण ती बहुधा कुणाच्यातरी गाडीच्या मागे असतात.

तिसरा आक्षेप आतल्या माणसांचा आहे आणि त्याला मान द्यायला हवा : ही वंदनेची जागा आहे, तिची पिकनिक करू नका. १ जानेवारीला मध्यरात्रीपासून येणारी लाखोंची गर्दी बघितली की हा आक्षेप किती खरा आहे ते कळतं. पांढऱ्या साड्या, निळे झेंडे, कडेवर पोरं, डोक्यावर डबा. कडक गणवेशातले निवृत्त सैनिक येऊन सलामी देतात. समता सैनिक दलाचे स्वयंसेवक रांगा लावतात. आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांनी पुस्तकांचे स्टॉल. नवीन वर्षाच्या पहिल्या दिवशी संविधानाची प्रत, फुल्यांचं चरित्र आणि दिनदर्शिका असा बाजार करून पिशवी सांभाळत बसची वाट बघणारी बाई ज्या दिवशी दिसते, त्या दिवशी उरलेला पुणे जिल्हा आदल्या रात्रीचं डोकं धरून बसलेला असतो. या गर्दीला गाइड नको. आईच्या घरी जाताना कुणी पत्ता विचारत नाही. गाइड हवा तो नगर रस्त्यावरच्या दुसऱ्या गाड्यांना, ज्यांना त्या दिवशी स्तंभाविषयी एवढंच ठाऊक असतं की आज वाहतूक वळवली आहे. एका अख्ख्या समाजाचा इतिहास दुसऱ्या समाजाला वाघोलीच्या कोंडीच्या रूपाने कळतो, हे चित्र बदलायचं असेल तर वंदनेच्या दिवसाला हात न लावता दुसरा दिवस शोधावा लागेल. राहिला प्रश्न वडापावचा. वारीत भूक लागते, गडावर भूक लागते, तशी इथेही लागेल. पाण्याच्या घोटासाठी जिथे सत्याग्रह झाले त्या इतिहासात खाण्यापिण्याला विटाळ मानणं तरी शोभत नाही.

चौथा आक्षेप गृहखात्याचा : ‘कशाला उगाच? शांतता आहे तर असू द्या.’ १ जानेवारी २०१८ रोजी इथे हिंसाचार झाला, एका तरुणाचा जीव गेला, गाड्या जळाल्या, दुकानं फुटली. आलेले आणि राहणारे दोघेही भरडले गेले. त्यात विनोदाला जागा नाही. विनोद असला तर तो नंतरच्या उपायांत आहे. न्यायमूर्ती जे. एन. पटेल यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमला गेला आणि त्याला मुदतवाढीवर मुदतवाढ मिळत गेली. दरसाल डिसेंबर उजाडला की बैठका होतात, नकाशे पसरले जातात, वाहनतळांना क्रमांक पडतात. बंदोबस्त करणारे आपलं काम चोख करतात, त्यांना नावं ठेवायची नाहीत. पण एखादी जागा एकदा पोलिस ठाण्याच्या वहीत गेली की ती इतिहासाच्या वहीत परत यायला फार कष्ट पडतात. दोनशे वर्षांपूर्वीच्या लढाईवरून आज माणसं एकमेकांच्या अंगावर धावतात, ती लढाईची माहिती फार झाली म्हणून नव्हे. तीस सेकंदांच्या व्हिडिओत मावेल एवढीच झाली म्हणून. दोन तासांची सहल ऐकलेला माणूस दंगल करायला निघत नाही. त्याचे पाय दुखत असतात, आणि डोक्यात इतके ‘पण’ आणि ‘परंतु’ शिरलेले असतात की घोषणा पुरी करायला जमत नाही.

आणि ही सहल एकट्या पेरणे फाट्याची असूही नये. गाडी निघावी शनिवारवाड्यापासून, कारण १७ नोव्हेंबर १८१७ ला तिथे इंग्रजांचं निशाण चढलं आणि कोरेगावची गोष्ट खरी तिथून चालू लागली. तिथून हाकेच्या अंतरावर, दगडूशेठ गणपतीसमोर भिडेवाड्याची जागा. १ जानेवारी १८४८ रोजी, कोरेगावच्या लढाईला बरोबर तीस वर्षं झाली त्या दिवशी, जोतीराव आणि सावित्रीबाईंनी इथे मुलींची शाळा काढली. स्मारकासाठी कोर्टकज्जे इतके लांबले की सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं, आणि डिसेंबर २०२३ मध्ये वाडा पाडून जागा मोकळी झाली. शाळा काढायला फुल्यांना लागला त्यापेक्षा ती आठवायला आपल्याला जास्त वेळ लागला. मग फुलेवाडा आणि १८६८ मध्ये अस्पृश्यांना खुला केलेला हौद. मग पर्वती. रोज सकाळी शेकडो पुणेकर त्या पायऱ्या वजन घटवायला चढतात. १३ ऑक्टोबर १९२९ ला काही माणसं देवळात प्रवेश मागायला चढली, तेव्हा त्यांच्यावर दगड आले. पायऱ्यांवर घाम गाळण्याचा हक्क सर्वांना होता, प्रश्न वरच्या उंबऱ्याचा होता. आणि सवडीने कधी महाड. १९२३ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा बोल्यांचा ठराव, १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने तळं खुलं केल्याचा ठराव, तरीही अस्पृश्यांना तिथलं पाणी प्यायला उजाडला २० मार्च १९२७. त्यानंतर गावाने तळं ‘शुद्ध’ करायला १०८ घागरी पंचगव्य ओतलं, आणि हायकोर्टाचा शेवटचा निकाल लागला १७ मार्च १९३७ रोजी. सरकारी ठरावाला जनतेपर्यंत पोहोचायला किती वेळ लागतो याचं मोजमाप आपल्याकडे आहे : चौदा वर्षं. हे तळ्याकडे बघून कळत नाही. पाण्यावर ठराव तरंगत नाहीत. म्हणून सांगणारा माणूस लागतो.

त्या माणसाचे हाल मात्र होणार, हे कबूल केलं पाहिजे. मराठी श्रोता हा गाइडचं ऐकायला येत नाही, त्याला तपासायला येतो. पहिल्या बाकावर निवृत्त अधिकारी असतील, त्यांना २८ हजारांचा आकडा मान्य नसेल. त्यांच्या शेजारी बखरी वाचलेले एक जण असतील, ते पेशव्यांचे सेनापती बापू गोखले यांची बाजू मांडतील. मागून एक तरुण सनावळी दुरुस्त करेल आणि ती बरोबर असेल. कुणाची आजी विचारेल, ‘ते सगळं खरं बाळा, पण त्या शिपायांच्या बायकांचं पुढं काय झालं?’ आणि सगळी बस गप्प होईल, कारण त्यांच्यासाठी फलक कुणी लावलेला नाही. या भांडणाला घाबरून बस बंद ठेवण्यात काही अर्थ नाही. शंभर वर्षांपूर्वी ज्या माणसांना एका बाकावर बसता येत नव्हतं ती आज एका बाकावर बसून एकमेकांच्या सनावळ्या खोडत असतील, तर ज्या गोष्टीसाठी एवढा लढा झाला ती गोष्ट त्या बसमध्ये चालू आहे असं समजावं.

तेव्हा पीएमपीला आणि पर्यटन खात्याला एवढंच सांगणं आहे : आयोग नको, समिती नको, भूमिपूजन तर नकोच. महिन्यातून दोन मंगळवार एक गाडी सोडा, तिकीट ठेवा, आणि गाइड असा नेमा ज्याला उलटा प्रश्न विचारला तर राग येत नाही. गाडी सुरू होईपर्यंत वाचकांनीही खोळंबून राहू नये. पुढच्या वेळी रांजणगावला जाताना चालकाला भीमेच्या पुलाअलीकडे पंधरा मिनिटं गाडी बाजूला घ्यायला सांगा, खाली उतरा आणि ती ४९ नावं मुलांकडून मोठ्याने वाचून घ्या. गणपतीला उशीर झालेला चालतो.